वळचणीचं पाणी आढ्याला चढतं तेव्हा: पत्र्याच्या छताच्या कडा, कोपरे आणि सांधे

दर वर्षी मे संपत आला की बातम्यांत तीच ओळ येते, वादळी वाऱ्याने अमुक गावात घरांवरचे पत्रे उडाले, शाळेचं छप्पर उडालं. मग जून लागतो आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो यायला लागतात, वर नवाकोरा निळा पत्रा आणि खाली ओळीने ठेवलेल्या बादल्या. पैसे खर्च करून, चांगल्या कंपनीचा पत्रा घेऊन, वर दहा वर्षांची गॅरंटी घेऊन सुद्धा घर गळतंच कसं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं छळतोय. कारण आमच्याच घरी तसं झालं.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, ताशी १००-११० किलोमीटर वारा आणि झोत १२० पर्यंत. दापोलीकडचं आमच्या काकांचं कौलारू घर त्यात निम्मं उघडं पडलं. पावसाळा तोंडावर, कौलं मिळेनात, म्हणून काकांनी सरळ पत्रा घातला. लोखंडी चौकट, वर निळा कलर कोटेड पत्रा, काम आठ दिवसांत फत्ते. पहिली झड आली त्या रात्री तांदळाच्या पिंपावर टपटप सुरू झालं. माणूस आला, सिलिकॉन मारून गेला. पंधरा दिवसांनी परत तेच. असं तीनदा झालं. चौथ्यांदा मात्र काकांनी गावातल्या एका म्हाताऱ्या सुतारकाकांना बोलावलं, ते शिडीवर चढले, पत्र्याला हात सुद्धा लावला नाही, नुसतं भिंतीकडे बघितलं आणि म्हणाले, "पत्रा चांगला आहे रे, पण याला कड कुठे आहे?"

त्या "कड"बद्दल हा लेख आहे.

पत्रा गळत नाही, पत्रा संपतो तिथे गळतं

सरळ लोखंडी पत्रा, त्यावर जस्ताचा किंवा जस्त-अॅल्युमिनियमचा थर, त्यावर रंग. यातून पाणी आरपार जायला जागाच नाही. पाणी आत येतं ते पत्रा जिथे संपतो तिथून. वर आढ्याला दोन पाखी, म्हणजे छपराचे दोन उतार, मिळतात तिथे, बाजूला तिरक्या कडेला, खाली वळचणीला, आणि पत्रा भिंतीला टेकतो तिथे. या सगळ्या जागा झाकायला पत्र्याच्याच वाकवलेल्या पट्ट्या येतात. त्यांना इंग्रजीत ट्रिम म्हणतात, आपल्याकडे फॅब्रिकेटर लोक सरसकट फ्लॅशिंग म्हणतात. मी पण इथून पुढे फ्लॅशिंगच म्हणतो.

साडीला फॉल आणि पिको करतो ना, तसं समजा. साडी आख्खी असते, कापड चांगलं असतं, पण काठाला फॉल नसेल तर ती वाऱ्याने उडते आणि पिको नसेल तर कडेचे धागे सुटतात. फ्लॅशिंग ही दोन्ही कामं करतं, पाणी बाहेर ठेवतं आणि कड धरून ठेवतं. आपल्याकडे मात्र ते "फिनिशिंग" म्हणून धरलं जातं, म्हणजे दिसायला बरं म्हणून, आणि बजेट कमी पडलं की पहिली काट तिथेच बसते.

हिशोब करून बघा. ४० फूट लांब, २५ फूट रुंद, दोन पाख्यांची साधी शेड, हजार चौरस फुटांची. आढं ४० फूट. दोन्ही टोकांच्या तिरक्या कडा मिळून साधारण ५२ फूट. दोन्ही बाजूंची वळचण ८० फूट. म्हणजे भिंतीबिंती काही नसताना सुद्धा पावणेदोनशे फूट नुसती कड आहे. आणि आपण दुकानात जाऊन तासभर बोलतो ते पत्र्याच्या रंगाबद्दल.

पाणी नेहमी खालीच जातं असं नाही

आपल्याकडे म्हण आहे, वळचणीचं पाणी आढ्याला गेलं, म्हणजे अशक्य ते घडलं. पण कोकणात नैऋत्येचा वारा पाठीशी घेऊन झड येते तेव्हा हे खरोखर घडतं. पत्र्याच्या नाळीतून खाली येणारं पाणी वारा मागे रेटतो, आणि उतार कमी असेल तर ते उलटं चढून आढ्याच्या फटीतून आत शिरतं. हे एक.

दुसरं, पाणी चिकटतं. पातेल्यातून दूध ओतताना धार पुढे न पडता पातेल्याच्या पोटाला धरून खाली ओघळते, हे रोजचं आहे. पत्र्याच्या कडेला नेमकं तेच होतं, पाणी कडेवरून खाली न पडता वळून पत्र्याच्या खालच्या अंगाने आत चालत येतं आणि भिंतीच्या माथ्यावर उतरतं. बाहेर ओठ वळवलेल्या पातेल्यातून धार नीट पडते, कारण तिथे पाण्याला वळायला जागा मिळत नाही. फ्लॅशिंगची शेवटची घडी बाहेर झुकवलेली असते ती याच कारणाने.

तिसरं, दोन पत्रे एकमेकांवर घट्ट बसले की मधल्या बारीक फटीत पाणी स्वतःच वर ओढलं जातं, कंदिलाच्या वातीत रॉकेल चढतं तसं. म्हणून चांगल्या प्रोफाइलच्या, म्हणजे उंचवट्यांच्या घडणीच्या, पत्र्याला कडेच्या उंचवट्यात एक बारीक खाच दिलेली असते, ओढलेलं पाणी तिथे तुटतं. पत्रा उलटसुलट बसवला की ती खाच वाया जाते, आणि हे खूप ठिकाणी झालेलं दिसतं.

चौथं, लोखंड उन्हात वाढतं. मे महिन्यात दुपारी पत्रा हात लावू देत नाही, आणि त्यावर वळवाची सर आली की दहा मिनिटांत गार होतो. ४० अंशांचा फरक धरला तर २० फुटी पत्रा साधारण ३ मिलिमीटरने आखडतो. ३ मिलिमीटर ऐकायला काही वाटत नाही, पण रोज पुढे-मागे, वर्षानुवर्षं. याचा त्रास कुठे होतो ते पुढे भिंतीच्या सांध्याबद्दल सांगताना येतंच.

आढं: रिज

दोन पाखी वर मिळतात तिथे बसणारी पालथ्या व्हीसारखी पट्टी म्हणजे रिज. ही बहुतेक सगळीकडे लावलेली असते, कारण इथली फट जमिनीवरून सुद्धा दिसते. पण लावलेली असणं आणि काम करणं यात फरक आहे. रिज दोन्ही बाजूंनी पत्र्यावर निदान १५० मिलिमीटर यायला हवी, झडीच्या भागात २०० धरा. फ्लॅशिंग साधारण १२२० मिलिमीटर रुंदीच्या गुंडाळीतून कापतात, त्यामुळे पट्टीची सपाट रुंदी ६१०, ४०६ किंवा ३०५ अशी निघते, म्हणजे अर्धी, तिसरा हिस्सा, पाव. रिजला अर्धी लागते. कोणी तिसऱ्या हिश्शात रिज बसवत असेल तर दोन्ही अंगांना झाकायला फारसं काही उरत नाही, तिथेच थांबवा.

आता पत्रा नागमोडी किंवा उंचवट्यांचा आणि रिजची कड सरळ, म्हणजे खाली प्रत्येक नाळीपाशी एक एक भोक उरतं. चिमण्या, वटवाघळं, पाणी, सगळ्यांना मोकळी वाट. तिथे पत्र्याच्या आकाराचा दातेरी फोम बसवायचा असतो, त्याला फिलर म्हणतात. आणि फोम बसवायच्या आधी पत्र्याचं नाळीतलं टोक पक्कडीने थोडं वर वळवायचं, म्हणजे चढून आलेलं पाणी तिथे अडून मागे जातं. एका पत्र्याला दोन मिनिटांचं काम आहे, पण सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

रिजचे तुकडे एकमेकांवर चढवताना वाऱ्याची दिशा बघायची. कोकणात पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो, म्हणून आढं उत्तर-दक्षिण असेल तर उत्तरेच्या टोकाला सुरुवात करायची आणि पुढचा प्रत्येक तुकडा आधीच्यावर चढवत दक्षिणेकडे यायचं. मग सांध्याचं उघडं तोंड वाऱ्याकडे पाठ करून राहतं. पत्र्यांच्या सांध्यांना पण हाच नियम, वाऱ्याच्या उलट्या टोकाला सुरुवात करून वारा येतो त्या टोकाकडे यायचं.

तिरकी कड: वाळवणाचा प्लास्टिकचा कागद आठवा

गच्चीवर कुरडया-पापड वाळत घालताना आपण प्लास्टिकच्या कागदावर दगड कुठे ठेवतो? चारही कोपऱ्यांना आणि कडेला. मधे कोणी ठेवत नाही, कारण वारा मधून कागद उचलत नाही, तो कडेखाली शिरतो आणि एकदा कोपरा उचलला की सगळा कागद पापडांसकट जातो.

पत्र्याचं छप्पर असंच जातं. वारा छपरावरून जाताना वर ओढ तयार होते आणि ती सगळीकडे सारखी नसते, कडांना, कोपऱ्यांना आणि आढ्यापाशी सगळ्यात जास्त असते. इमारतींवरच्या वाऱ्याचं जे भारतीय मानक आहे, आयएस ८७५ भाग ३, त्यात सुद्धा कडा आणि कोपऱ्यांसाठी वेगळे, जास्तीचे आकडे दिलेत. ताशी ११० किलोमीटर वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण ५७ किलो होतो. आणि ०.५० मिलिमीटर पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम साडेचार-पाच किलो. म्हणजे तेवढी ओढ बसली तर एका बारा फुटी पत्र्याला दोनशे किलोच्या वर जोर वर खेचतोय आणि पत्रा स्वतः वीस किलोचा आहे. कडेला याहून जास्त. त्याच मानकात मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्यासाठी ३९ मीटर धरलाय, ४४ मीटर म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. तेव्हा "आमच्याकडे कुठे वादळं येतात" हे पुण्यात बसून सुद्धा म्हणू नये.

म्हणून तिरक्या कडेवर बसणारी एल आकाराची पट्टी, जिला गेबल फ्लॅशिंग किंवा बार्ज म्हणतात, ती शोभेची नाही. तिचा एक पाय पत्र्याच्या पहिल्या उंचवट्यावर चढतो, दुसरा भिंतीवर किंवा चौकटीवर खाली उतरतो, आणि दोन्हीकडे स्क्रू बसतात. मग वाऱ्याला बोट घालायला कड मिळत नाही. माझ्या मते एकच फ्लॅशिंग परवडत असेल तर रिजनंतर हे घ्या. पण आपल्याकडे पत्रा भिंतीच्या बाहेर दीड-दोन फूट तसाच उघडा सोडलेला असतो, वाऱ्याला खालून मोकळं अंगण, आणि पेपरात उडालेल्या छपरांचे फोटो नीट बघितले तर सुरुवात बऱ्याचदा तिथूनच झालेली कळते.

एक मात्र खरं, खालची चौकटच भिंतीला बांधलेली नसेल तर फ्लॅशिंग काही वाचवणार नाही, पत्रा चौकटीसकट जाईल.

वळचण: ड्रिप आणि पन्हळ

वळचणीला पत्र्याखाली सरकवायची छोटी पट्टी म्हणजे ड्रिप. वर सांगितलेलं पातेल्याच्या पोटावरून ओघळणारं पाणी हीच पट्टी तोडते आणि पन्हळीत सोडते. पत्रा पन्हळीत निदान दोन इंच पुढे आलेला हवा, फार पुढे आला तर जोराच्या पावसात पाणी पन्हळ ओलांडून जातं.

पन्हळ केवढी हवी, याचं पण गणित सोपं आहे. हजार चौरस फुटांवर १०० मिलिमीटर पाऊस पडला तर ९,३०० लिटर पाणी होतं, जवळजवळ एक टँकर. कोकणात एका दिवसात १०० मिलिमीटर ही काही मोठी बातमी नाही. आणि तासाला ५० मिलिमीटरची सर आली तर प्रत्येक बाजूच्या पन्हळीत मिनिटाला चाळीसेक लिटर, म्हणजे दोन-अडीच बादल्या, सतत. एका टोकाला एकच दोन इंची पाइप दिला आणि त्यात आंब्याची चार पानं अडकली की झालं. दोन तोंडं ठेवा, चार इंची पाइप लावा.

एक गोष्ट जी मला फार उशिरा कळली. पन्हळीची बाहेरची कड आतल्या कडेपेक्षा थोडी खाली ठेवायची. कारण कधी ना कधी पन्हळ तुंबणारच आहे आणि तुंबली की पाणी खालच्या कडेवरून जाणार. बाहेरची कड खाली असेल तर ते अंगणात पडेल, नाहीतर भिंतीत उतरेल. आमच्याकडे उलटं होतं.

पत्रा भिंतीला भेटतो तिथे

सगळ्यात जास्त गळती इथे होते आणि सगळ्यात चुकीचं काम पण इथेच होतं, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो. पडवीचा पत्रा घराच्या भिंतीला टेकतो, गच्चीवरची शेड टाकीच्या भिंतीला टेकते, दुकानाचा छज्जा शेजाऱ्याच्या भिंतीला. या सांध्यावर गवंडी काय करतो, तर वाटा मारतो, म्हणजे सिमेंट-वाळूचा गोलसर तिरपा थर कोपऱ्यात भरतो. स्लॅबच्या गच्चीवर वाटा उत्तम आहे. पत्र्यावर तो टिकत नाही. पत्रा रोज सरकतोय, सिमेंट सरकत नाही, मग पहिल्याच उन्हाळ्यात केसाएवढी भेग पडते. आणि वर ओलं सिमेंट अल्कलीयुक्त असतं, ते जस्त-अॅल्युमिनियमच्या थराला खातं, म्हणजे तुम्ही पाणी थांबवायला जे लावलं त्यानेच पत्रा कुजायला सुरुवात होते. काकांच्या पडवीचा वाटा आम्ही छिन्नीने उकरला तेव्हा खालचा निळा रंग पोपडे होऊन हातात आला आणि आतला पत्रा करडा, खरबरीत झाला होता, दोन वर्षं सुद्धा झाली नव्हती.

बरोबर पद्धत दोन पट्ट्यांची. पहिली एल आकाराची, तिचा एक पाय भिंतीवर सहा इंच वर चढतो, दुसरा पत्र्यावर पुढे येतो. ही पत्र्याला स्क्रूने बसते पण भिंतीला पक्की करायची नाही, म्हणजे पत्रा हलला की तीही त्याच्याबरोबर हलते. दुसरी पट्टी भिंतीत बसते. कटरने भिंतीत इंचभर खोल आडवी खाच मारायची, पट्टीची वरची घडी त्यात सरकवायची, खाच सीलंटने भरायची, आणि पट्टी पहिलीच्या उभ्या पायावरून खाली सोडायची. दोघी एकमेकींना चिकटलेल्या नाहीत, फक्त वरची खालचीवर आहे. रेनकोटची पँट गमबुटाच्या बाहेर सोडतो तसं. पँट आत खोचली की पाणी बुटात जातं, हे चिखलणीला गेलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

खाच न मारता पट्टी भिंतीवर नुसती ठेवून कडेला सिलिकॉन ओढणं म्हणजे आमच्याकडे तीनदा झालं ते. प्लास्टर पाणी पितं, पाणी प्लास्टरच्या आतून पट्टीच्या मागे उतरतं, सिलिकॉन आपला जागेवरच असतो.

बाकीचे, थोडक्यात

एल आकाराच्या घराला दोन पाखी आत मिळतात ती घळ, साइटवर तिला व्हॅली म्हणतात. दोन्ही पाख्यांचं पाणी तिथे एकत्र येतं. तिथली पट्टी रुंद हवी, पत्रे तिच्यावर दोन्हीकडून चार-चार इंच यायला हवेत आणि मधे हात जाईल एवढी मोकळी नाळ राहायला हवी, नाहीतर पानं आणि किनाऱ्यावर सुरूच्या काड्या तिथे बांध घालतात. घर अजून कागदावर असेल तर आकार असा घ्या की ही घळच नको.

पत्र्यातून पाइप वर काढायचा असेल तर भोवती रबरी बूट मिळतो, तो घ्या, सिमेंट नको. उभ्या पत्र्याच्या भिंती असलेल्या कारखान्यांच्या शेडना कोपऱ्याची, दरवाजा-खिडकीच्या चौकटीची अशी आणखी फ्लॅशिंग लागतात, घरगुती शेडला त्यांचा फारसा संबंध येत नाही.

"पण सिलिकॉन मारलं की झालं ना?"

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. सीलंट हा मदतनीस आहे, छप्पर नाही. ऊन, पाऊस आणि पत्र्याची हालचाल यात तो काही वर्षांत सुटतो, आणि तो सुटल्यावर सुद्धा पाणी आत येता कामा नये अशी मूळ रचना हवी. शिवाय सिलिकॉन दोन जातीचा येतो. लावताना व्हिनेगरसारखा आंबट वास येतो तो जस्ताच्या थराला चांगला नाही, त्यातून निघणारं अॅसिड थर खातं. दुकानात न्यूट्रल क्युअर मागा, बाटलीवर लिहिलेलं असतं. आंबट वासाचा काचेच्या कामाला ठीक.

तसंच एसीच्या पाइपचं पाणी. आतली नळी तांब्याची असते, आणि तांब्यावरून आलेलं पाणी जस्त-अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर सतत पडत राहिलं तर बरोबर त्या जागी पत्रा लवकर जातो. तो पाइप सरळ पन्हळीपलीकडे न्या.

"आजोबांच्या घराला कुठे होतं हे सगळं?"

होतं की, फक्त नाव वेगळं होतं. मंगलोरी कौलं १८६५ पासून, म्हणजे बासल मिशनने मंगळुरात कारखाना काढल्यापासून, आपल्या किनाऱ्यावर पसरली, आणि त्या छपराला उतार चांगला पंचवीस-तीस अंशांचा असायचा, आजच्या शेडसारखा पाच-सात नाही. वळचण हातभर पुढे काढलेली, त्यामुळे पागोळ्या भिंतीपासून लांब पडायच्या. आढ्यावरची कौलं चुन्यात बसवलेली. ओटीच्या झडीच्या बाजूला झावळ्यांची झापं बांधलेली. आणि दर वर्षी पावसाच्या आधी शाकारणी व्हायची, माणूस छपरावर चढून प्रत्येक कौल बघायचा. आपण उतार कमी केला, वळचण तोकडी केली, शाकारणी बंद केली, आणि त्या बदल्यात यायला हवं होतं ते फ्लॅशिंग आणलंच नाही. मग पत्र्याला शिव्या देऊन काय उपयोग.

"सगळं बंद केलं तर आत भट्टी होईल"

हे म्हणणं बरोबर आहे. पण त्याचा उपाय फटी सोडणं नाही. हवा जायला जाळीची, आत पाणी येणार नाही अशी घडी दिलेली रिज मिळते, किंवा वर फिरणारे टर्बो पंखे बसवता येतात, आणि खाली भिंतीत हवा आत यायला जाळ्या ठेवायच्या. गरम हवा वरून जाते तेव्हा खालून गार हवा यायला वाट लागतेच.

हवा खेळती नसेल तर आणखी एक गोष्ट होते आणि लोक तिला गळती समजतात. थंडीच्या दिवसांत पहाटे पाऊस नसताना पत्र्यातून थेंब पडतात. पत्रा रात्री गार झालेला, आत माणसांचा श्वास, चुलीवरच्या पाण्याची वाफ, आणि पत्र्याला आतून घाम फुटतो, थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून फुटतो तसाच. ओळखायचं असं, थेंब एकाच जागी पडत असेल तर गळती, सगळ्या पत्र्याभर बारीक बारीक असतील तर घाम. घामाला सिलिकॉन मारून काही होत नाही.

कोटेशन हातात आलं की

बऱ्याच कोटेशनांवर "पत्रा फिटिंगसह, चौरस फुटाला इतके" एवढंच असतं. त्यात फ्लॅशिंग आहे का नाही हे दोघांनाही माहीत नसतं आणि काम संपताना वाद होतो. फ्लॅशिंग चौरस फुटावर नाही, धावत्या फुटावर मोजतात, तेव्हा त्याची वेगळी ओळ लिहून घ्या, रिज इतके फूट, गेबल इतके, ड्रिप इतके, भिंतीचं इतके, रुंदी किती, जाडी किती. जाडी पत्र्याएवढीच मागा, पट्टीला पातळ माल वापरायची सवय असते. कंपनीही तीच घ्या, म्हणजे रंग बरोबर उतरेल आणि थरही सारखा असेल. पट्टीच्या कडेला आत घडी मारलेली हवी, तिच्यामुळे पट्टी ताठ राहते आणि पन्हळ साफ करताना हात कापत नाही.

बसवताना उभे राहा. पत्रा ग्राइंडरने कापत असतील तर थांबवा, ठिणग्यांनी कापलेली कडच नाही तर आजूबाजूचा रंग पण जळतो आणि तिथून गंज धरतो, पत्र्याची कातर वापरायला सांगा. ड्रिलचा लोखंडी कीस संध्याकाळी झाडून काढायला लावा, नाहीतर पहिल्या पावसात छपरावर तांबडे ठिपके दिसतील. स्क्रूखालचं काळं रबर म्हणजे कुकरची रिंग समजा, ते नीट बसायला हवं, आवळून बाहेर फुगलं तर फाटणार आणि सैल राहिलं तर गळणार.

आधीच बसलेल्या शेडचं काय?

रिज रुंद करणं, गेबल लावणं, भिंतीचं दोन पट्ट्यांचं काम, हे सगळं नंतर सुद्धा होतं, पत्रा काढावा लागत नाही. ड्रिपसाठी मात्र वळचणीची पहिली स्क्रूची ओळ सैल करावी लागते. फिलर बसवायला रिज उघडावी लागते. हे सगळं एप्रिलमध्ये करा, जूनमध्ये ओल्या पत्र्यावर माणूस चढवू नका, पत्र्यावरून घसरून पडलेली माणसं आपल्या सगळ्यांच्या माहितीत आहेत. आणि चढायचंच तर पाय खाली चौकट आहे तिथे, स्क्रूच्या ओळीवरच द्यायचा.

काकांच्या घरी आम्ही वाटा पूर्ण काढला, खाल्लेला पत्रा बदलला, खाच मारून दोन पट्ट्या बसवल्या, आणि दोन्ही टोकांना गेबल घातला. सुतारकाका दिवसभर खाली खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक पट्टी वर जायच्या आधी हातात घेऊन तिची घडी बघत होते. एक परत पाठवली, उलटी वाकवली होती म्हणून. जुलैमध्ये झड आली त्या रात्री मी मुद्दाम उठून टॉर्च घेऊन पडवीत गेलो, बाहेर वारा भिंतीवर पाणी मारत होता, वरच्या पट्टीवरून ते सरळ पत्र्यावर पडून वाहत होतं, आणि तांदळाच्या पिंपावरची ताडपत्री काकूंनी दुपारीच काढून घडी करून ठेवली होती.